जानेवारीच्या घाईत फर्नेस विकत घेऊ नका

वाचकाचं पत्र

आम्ही अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनीआपोलिसच्या उपनगरात राहतो. घर १९७८ सालचं, दुमजली, खाली तळघर. घर गरम करणारा गॅसचा फर्नेस आधीच्या मालकांनी २००७ साली बसवलेला, तासाला ८०,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप), ९२ टक्के कार्यक्षमतेचा. त्याचा धूर पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपातून भिंतीबाहेर जातो. पाणी तापवायची गॅसची टाकी वेगळी, तिचा धूर जुन्या चिमणीतून जातो. गेल्या आठवड्यात बाहेर उणे १८ फॅरेनहाइट असताना फर्नेस बंद पडला. आतला छोटा पंखा घुरघुरतो, पण ज्योत पेटत नाही. तीन-चारदा प्रयत्न करून थांबतो, लाल दिवा तीनदा लुकलुकतो आणि तासाभराने आपणहून पुन्हा सुरू होतो. खाली जमिनीवर थोडं पाणी दिसतं. बघायला आलेल्या माणसाने वीस मिनिटांत सांगितलं, की हीट एक्स्चेंजरला (धुराची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या धातूच्या भागाला) चीर गेली आहे, १,००,००० बीटीयूचा नवा फर्नेस आणि साडेतीन टनांचा एसी घ्या, आज सही केलीत तर सूट. सध्याचा एसी अडीच टनांचा, २००७ चाच. शेजारी म्हणतात, हीट पंप घ्या, म्हणजे थंडीत घर गरमही करणारा एसी. आई-बाबा साताऱ्याहून मार्चपर्यंत आले आहेत. ते गॅरेजवरच्या खोलीत झोपतात. ती खोली बाकी घरापेक्षा सहा-सात अंशांनी थंड असते आणि तिथल्या खिडक्यांवर पाणी साचून बर्फ होतो. दर दोन वर्षांनी डिसेंबरात आम्हीही महिनाभर घर बंद करून भारतात जातो. काय करावं?

उत्तर

सही करू नका. तुम्ही लिहिलेली लक्षणं चिरेची कमी आणि तुंबलेल्या पाण्याची किंवा गोठलेल्या पाइपाची जास्त वाटतात. चीर असूही शकते, पण ती दाखवल्याशिवाय मान्य करायची नाही. ती कशी दाखवायला लावायची, ते पुढे येतंच. आधी आज रात्रीचं बघू.

आई-बाबांच्या खोलीच्या दाराबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का? मिनेसोटाच्या कायद्यानुसार झोपण्याच्या प्रत्येक खोलीपासून १० फुटांच्या आत तो हवाच. असला तर काढून मागची तारीख वाचा. हे अलार्म मॉडेलप्रमाणे साधारण सात ते दहा वर्षांत संपतात. चाचणीचं बटण दाबल्यावर वाजला म्हणजे आतला सेन्सर जिवंत आहे, असं नाही. मुदत संपली असेल तर आजच नवा आणा. अलार्म वाजला किंवा घरातल्या दोघा-तिघांना एकदम डोकं दुखणं, मळमळणं, गुंगी येणं असं झालं, तर सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि बाहेरून ९११ ला फोन करायचा. गॅसचा वास आला तरी तेच. दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही.

फर्नेस पुन्हा बंद पडला तर त्या खोलीत विजेचा हीटर लावा, पण १,५०० वॅटचा हीटर १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर ओढतो. १५ अँपिअरच्या एका सर्किटवर असा एकच चालतो. तो सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. एक्स्टेन्शन वायर किंवा पॉवर स्ट्रिप वापरू नका. पांघरूण, पडदे तीन फूट लांब राहू द्या. गॅसची शेगडी किंवा ओव्हन पेटवून घर गरम करणं मात्र पूर्ण वर्ज्य.

आता बिघाडाकडे. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की तुमच्या जातीच्या फर्नेसमध्ये एका ठरलेल्या क्रमाने गोष्टी घडतात. आधी इंड्यूसर, म्हणजे तो घुरघुरणारा छोटा पंखा, धूर बाहेर ओढायला लागतो. ती ओढ पुरेशी झाली की प्रेशर स्विच जुळतो. तो जुळल्यावरच इग्नायटर लाल होतो, मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, फ्लेम सेन्सरला ज्योत लागल्याचं कळतं आणि थोड्या वेळाने मोठा पंखा घरात गरम हवा सोडतो. तुमचा फर्नेस दुसऱ्या पायरीवर अडतोय. पंखा फिरतो, पण स्विच जुळत नाही. तीन लुकलुकींचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, म्हणून खालच्या दाराच्या आतल्या बाजूचा तक्ता वाचा; अनेक फर्नेसमध्ये तीनचा अर्थ प्रेशर स्विच उघडा राहिला, असाच असतो.

स्विच का जुळत नाही? ९० टक्क्यांच्या वरचा फर्नेस धुरातली वाफसुद्धा थंड करून तिची उष्णता काढून घेतो. त्या वाफेचं पाणी होतं, कडक थंडीत दिवसाला कित्येक गॅलन. हे पाणी आम्लधर्मी असतं आणि छोट्या नळ्यांतून ट्रॅपमध्ये (थोडं पाणी धरून हवा अडवणाऱ्या प्लास्टिकच्या डबीत), तिथून मोरीच्या जाळीत किंवा छोट्या पंपात जातं. अठरा वर्षांत ट्रॅपमध्ये चिकट गाळ बसतो, पाणी मागे चढतं, इंड्यूसरच्या तळाशी साचतं आणि ओढ तुटते. तासाभरात ते झिरपून उतरलं की फर्नेस आपणहून सुरू होतो. जमिनीवरचं पाणी याच कहाणीत बसतं.

आधी भिंतीबाहेरची पाइपांची दोन्ही तोंडं बघा. उणे १५-२० फॅरेनहाइटला बाहेर जाणारी वाफ आत येणाऱ्या हवेच्या पाइपात ओढली जाते आणि तिथे बर्फाची कड धरते. ती हाताने फोडून काढा. वाऱ्याने साचलेला बर्फ फावड्याने बाजूला करा. तोंडं नेहमीच्या बर्फाच्या थरापेक्षा निदान १२ इंच वर असायला हवीत. पक्षी-उंदीर शिरू नयेत म्हणून कोणी बारीक जाळी बसवली असेल तर काढून टाका. तीच जाळी थंडीत बर्फाने गच्च होते.

मग आत. फर्नेसच्या शेजारी दिव्याच्या बटणासारखा स्विच असतो, तो बंद करा. गॅसचा कॉक पाइपाला आडवा फिरवा. मोबाइलवर सगळ्या नळ्यांचे फोटो काढून ठेवा, नाहीतर परत जोडताना घोळ होतो. खाली बादली आणि फडकी ठेवा. ट्रॅप सुटा होणारा असतो. तो काढून कोमट पाण्याने धुवा, आतून बाटली धुवायच्या ब्रशने घासा. ट्रॅपपासून मोरीपर्यंतची नळी फुंकून बघा. पंप असेल तर त्याचा फ्लोट हलतो का आणि बाहेर जाणारी नळी गॅरेजच्या थंड भिंतीलगत तर नाही ना, तेही पाहा. तशी असली तर पाणी तिथेच गोठतं. प्रेशर स्विचची रबरी नळी काढून तिच्यात पाणी आहे का बघा. टोकाला तडा असेल तर अर्धा इंच कापून परत बसवा. नळी जिथे जोडली जाते, ते बारीक भोक बऱ्याचदा गाळाने बुजतं. ते सरळ केलेल्या पेपर क्लिपने मोकळं होतं. परत बसवण्याआधी ट्रॅपमध्ये कपभर पाणी ओता. कोरडा ट्रॅप हवा ओढतो, पाणी उतरू देत नाही आणि बिघाड जसाच्या तसा राहतो. पुष्कळ जण नेमकं इथेच फसतात.

पांढऱ्या पाइपाचा उतारही तपासा. तो फर्नेसच्या दिशेने दर फुटाला पाव इंच उतरता हवा. मध्ये कुठे झोळ पडला असेल तर त्यात पाणी साचून गुळगुळ आवाज येतो. अशा जागी एक पट्टी लावून पाइप वर उचलला, की काम झालं.

एवढं करूनही अडत असेल तर माणूस बोलवा, पण त्याच्याकडे मॅनोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजायचं यंत्र, आहे का, हे फोनवरच विचारा. प्रेशर स्विचवर आकडा छापलेला असतो, समजा उणे ०.९० इंच (हा दाब पाण्याच्या उंचीच्या इंचांत मोजतात). इंड्यूसर उणे १.२ ओढतोय आणि तरी स्विच जुळत नाही, तर स्विच खराब. इंड्यूसर ०.७ वरच थांबतोय, तर स्विच निर्दोष आहे आणि वाट कुठेतरी अडली आहे. मोजमाप न करता स्विच बदलणारे बरेच भेटतात. दोन दिवसांनी फर्नेस पुन्हा बंद पडतो. आणि स्विचला वायर लावून बायपास कोणी करून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. तो स्विच धूर घरात येऊ नये म्हणूनच आहे.

चिरेबद्दल. कॅमेऱ्याने काढलेला फोटो किंवा व्हिडिओ मागा, त्यात तुमच्या फर्नेसचा सीरियल नंबरही दिसू द्या. ज्वलन मोजण्याच्या यंत्राचे आकडे लिहून मागा: धुरातला कार्बन मोनॉक्साइड, जादा हवा वजा करून, ४०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४०० भागांच्या) आत हवा, घरात येणाऱ्या गरम हवेत तो मुळीच वाढायला नको. मोठा पंखा सुरू झाल्याक्षणी ज्योत हलली, वाकडी झाली, तर तीही गंभीर खूण आहे. यातलं काही दाखवलं तर तो फर्नेस चालवायचा नाही, मग घाई खरी. दुसरीही एक शक्यता आहे. ट्रॅप, नळ्या, पाइप सगळं मोकळं असूनही ओढ कमी भरत असेल तर आतला दुय्यम एक्स्चेंजर, जिथे वाफेचं पाणी होतं, तो गंजून तुंबलेला असू शकतो. अठरा वर्षांच्या फर्नेसमध्ये हे घडतं आणि तेव्हा बदलणंच शहाणपणाचं. एक्स्चेंजरची वॉरंटी इतर भागांपेक्षा बरीच लांब असते. सीरियल नंबर देऊन कंपनीला विचारा, ती दुसऱ्या मालकाला लागू होते का, हेही विचारा.

फर्नेस चालू झाला की एक फ्लेम सेन्सर आणि एक इग्नायटर तुमच्या मॉडेलचा आणून घरात ठेवा. रात्री दोन वाजता हेच दोन भाग दगा देतात. फ्लेम सेन्सर म्हणजे ज्योतीत असलेली एक कांडी. एक स्क्रू काढून ती बाहेर येते आणि बारीक स्टील वूलने हलकी पुसली की पुन्हा काम देते. इग्नायटरच्या काळपट भागाला बोट लावू नका, तो ठिसूळ असतो.

फिल्टरचाही विचार करा. धूळ कमी व्हावी म्हणून एक इंची जाडीचा मर्व्ह १३ फिल्टर लावतात (मर्व्हचा आकडा जितका मोठा तितकी गाळणी बारीक), पण जुन्या डक्टमध्ये, म्हणजे घरभर हवा नेणाऱ्या नळांत, तो हवा अडवतो, फर्नेस आतून तापतो आणि जास्त तापल्यावर तोडणारा हाय लिमिट स्विच ज्योत बंद करतो. एक इंची खाच असेल तर मर्व्ह ८ लावा आणि थंडीत दर महिन्याला काढून बघा. मर्व्ह १३ हवाच असेल तर चार इंची फिल्टरची पेटी बसवून घ्या.

गॅरेजवरची खोली थंड आहे, ती फर्नेस लहान आहे म्हणून नव्हे. तसं असतं तर सगळं घर थंड पडलं असतं. त्या खोलीखाली थंड गॅरेज, वर ॲटिक (छपराखालचा माळा), तीन बाजूंना बाहेरच्या भिंती आणि तिकडे जाणारा डक्ट बहुधा गॅरेजच्या छतातून, कमी आवरणाने. मोठा फर्नेस आणला तर तो लवकर बंद होईल आणि दूरच्या खोलीला उलट कमी वेळ गरम हवा मिळेल. या खोलीसाठी डक्टचे सांधे मास्टिकने, म्हणजे डक्टसाठीच्या घट्ट लुकणाने, बुजवा. फार तर धातूची चिकटपट्टी वापरा, कापडी डक्ट टेप दोन वर्षांत सुटतो. गॅरेजच्या छतात फरशीखालची पोकळी घट्ट भरलेल्या सेल्युलोजने (कागदाच्या लगद्याच्या इन्सुलेशनने) भरून घेता येते, पण आधी कडेचे सांधे फोमने बंद करायला हवेत, नाहीतर वारा इन्सुलेशनमधून वाहतो. दार बंद असताना त्या खोलीतली हवा परत जायला वाट आहे का? नसेल तर दाराखाली पाऊण-एक इंच फट ठेवा. आणि इतर खोल्यांचे रजिस्टर (गरम हवा येते त्या जाळ्या) बंद करून इकडे हवा ढकलायचा प्रयत्न करू नका. डक्टमधला दाब वाढतो आणि गळती वाढते.

मग अख्खं घर. एक उदबत्ती पेटवा, वाऱ्याच्या दिवशी स्वयंपाकघराचा आणि बाथरूमचे पंखे सुरू करा आणि धूर कुठे हलतो ते बघत फिरा: बाहेरच्या भिंतींतले सॉकेट, ॲटिकचं झाकण, तळघरात पायाच्या भिंतीवर लाकूड बसतं ती कड. नेमकी गळती मोजायची तर ब्लोअर डोअर चाचणी (दारात मोठा पंखा बसवून केलेली) करून घ्या. ती बऱ्याच वीज-गॅस कंपन्यांच्या ऊर्जा तपासणीत सवलतीत होते. तळघरातल्या त्या कडेला दोन इंची फोमच्या पाट्या कापून बसवायच्या आणि चारी बाजू फोम गनने सांधायच्या, हे काम दोन शनिवार-रविवारांत घरीच होतं. ॲटिकमध्ये आधी छिद्रं: मोरीचा उभा पाइप, छतात बुडवलेले दिवे, आतल्या भिंतींचे माथे, बाथरूमच्या पंख्याच्या कडा. त्यानंतरच वर सेल्युलोज. आर-४९ ते आर-६० (आर म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता) गाठायला साधारण १४ ते १७ इंच थर लागतो. छिद्रं तशीच ठेवून नुसता थर वाढवला तर गरम दमट हवा वर जातच राहते, छतावरचा बर्फ खालून वितळतो आणि कडेला गोठून आइस डॅम होतो.

ॲटिकमध्ये चमकदार, खड्यांसारखं, करड्या-सोनेरी रंगाचं काही पसरलेलं दिसलं तर हात लावू नका. ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं. अमेरिकेत वर्षानुवर्षं विकलं गेलेलं बरंचसं व्हर्मिक्युलाइट मोंटाना राज्यातल्या लिबीच्या खाणीतलं होतं आणि त्यात ॲस्बेस्टॉस होतं. असं सापडलं तर काम थांबवून आधी तज्ज्ञाला दाखवा.

खिडक्यांवरचा बर्फ हा दमटपणाचा हिशेब आहे. घरात ७० अंश असताना बाहेर उणे १० ते उणे २० असेल तर आतली आर्द्रता २० टक्क्यांच्या वर नको. उणे १० ते शून्याला २५, शून्य ते १० ला ३०. फर्नेसला ह्युमिडिफायर जोडला असेल तर तो बहुधा ३५-४० वर लावून ठेवलेला असतो. पाच-दहा डॉलरचा आर्द्रतामापक त्या खोलीत ठेवा. आपल्या स्वयंपाकात वाफ बरीच होते: कुकरच्या शिट्ट्या, इडली, उकळता रस्सा, शिवाय घरात वाळत घातलेले कपडे. स्वयंपाक सुरू करतानाच हुड लावा आणि तो खरोखर बाहेर फेकतो का बघा. पुष्कळ हुड हवा गाळून परत घरातच सोडतात.

याच हुडमुळे पाण्याच्या टाकीबद्दल लिहायला हवं. तुमचा फर्नेस प्लास्टिकच्या पाइपातून धूर काढायला लागला, तेव्हा ती टाकी चिमणीत एकटी उरली. दोघांसाठी बांधलेली चिमणी एकट्या टाकीला फार मोठी पडते, धूर वर चढण्याआधीच थंड होतो. त्यात हुड, बाथरूमचे पंखे आणि कपड्यांचा ड्रायर एकदम घराबाहेर हवा फेकू लागले की चिमणीतून हवा उलटी खाली येऊ शकते, धुरासकट. म्हणून आधी चाचणी. खिडक्या-दारं बंद, सगळे पंखे आणि ड्रायर सुरू, गरम पाण्याचा नळ सोडून टाकीची ज्योत पेटू द्या. पाच मिनिटांनी टाकीच्या माथ्यावरच्या छत्रीच्या कडेशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर ढकलला गेला तर पंखे थांबवा, टाकी बंद करा, खिडकी उघडा आणि दुरुस्त होईपर्यंत ती वापरू नका. उपाय म्हणजे चिमणीत योग्य मापाचा धातूचा लायनर, नाहीतर स्वतःच्या पंख्याने धूर बाहेर टाकणारी टाकी, नाहीतर विजेची हीट पंप टाकी. नव्या फर्नेसच्या आधी पैसे इथे घाला, हे आमचं ठाम मत आहे.

नवा फर्नेस आज ना उद्या लागणारच, तेव्हा त्याचं माप तुम्हीच काढून ठेवा. अशी थंडी त्यासाठी सोन्यासारखी आहे. मिनीआपोलिसमध्ये साधारण उणे ११ फॅरेनहाइट धरून मोजणी करतात. तेवढी थंडी असलेल्या रात्री थर्मोस्टॅट ७० वर स्थिर ठेवा आणि दोन-तीन तास ज्योत किती मिनिटं पेटते ते मोजा. समजा तासाला ३६ मिनिटं, म्हणजे ६० टक्के. ८०,००० चे ९२ टक्के म्हणजे ७३,६०० बीटीयू घरात येतात. त्याचे ६० टक्के म्हणजे सुमारे ४४,०००. एवढीच तुमच्या घराची गरज. मोजताना बाहेर ५ अंश असतील तर आलेल्या आकड्याला ८१ ने गुणून ६५ ने भागा, कारण आत-बाहेरचा फरक ६५ ऐवजी ८१ होणार आहे. आता ६०,००० बीटीयूचा, ९६ टक्क्यांचा फर्नेस ५७,६०० देतो, म्हणजे गरजेच्या १.३ पट. तेवढा पुरतो. तुम्हाला सुचवलेला १,००,००० चा त्याच कार्यक्षमतेला ९६,००० देईल, गरजेच्या दुपटीहून जास्त. तो सतत चालू-बंद होईल, आवाज करेल, जुन्या डक्टमध्ये हवा मावणार नाही आणि लवकर झिजेल. जो कंत्राटदार मॅन्युअल जे या घराची उष्णतेची गरज काढायच्या ठरलेल्या पद्धतीने खोलीवार हिशेब करून देत नाही आणि डक्टमधला दाब मोजत नाही, त्याचा भाव कितीही कमी असो, बाजूला ठेवा. बऱ्याच फर्नेससाठी हा दाब एकूण अर्ध्या इंचाच्या आत हवा.

एसीचंही तसंच. दर टनाला साधारण ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते. तुमचे डक्ट १,००० सीएफएमचे, साडेतीन टनाला १,४०० हवेत. जुलैत अडीच टनाचा एसी घर ७५ वर ठेवत असेल तर वाढवायचं कारण नाही. मोठा एसी लवकर थांबतो, घर गार पण दमट राहतं. २००७ चा असल्याने त्यात बहुधा आर-२२ वायू असेल. अमेरिकेत त्याचं उत्पादन आणि आयात १ जानेवारी २०२० पासून बंद आहे, जुना परत शुद्ध केलेला तेवढा मिळतो. म्हणून गळती झाली की त्यात वायू भरत बसू नका.

शेजाऱ्यांचं म्हणणं इथे लागू पडतं. एसी बदलायची वेळ येईल, तेव्हा त्याच जागी थंड हवामानाचा हीट पंप घ्या आणि गॅस फर्नेस त्याच्या जोडीला ठेवा. उन्हाळ्यात तो एसी, वसंतात आणि शरदात तोच हीटर, कडक थंडीत गॅस. चांगल्या पंपाचा सीओपी (विजेच्या किती पट उष्णता मिळते तो आकडा) ५ फॅरेनहाइटला १.७५ किंवा जास्त असतो, म्हणजे एक युनिट विजेत पावणेदोन युनिट उष्णता. पण उणे ११ ला ४४,००० बीटीयू एकट्या अडीच टनी पंपाकडून मागू नका.

खर्चाचा हिशेब तुमच्या बिलावरून करा. २९.३ ला विजेच्या दर-युनिट भावाने गुणा, त्याला फर्नेसच्या कार्यक्षमतेने गुणा, मग गॅसच्या दर-थर्म (थर्म हे गॅसच्या बिलावरचं माप) भावाने भागा. येणारा आकडा म्हणजे बरोबरीचा सीओपी, जिथे पंप आणि गॅस यांचा खर्च सारखा होतो. उदाहरणादाखल वीज १५ सेंट, गॅस १ डॉलर, कार्यक्षमता ०.९६: बरोबरी ४.२ ला येते. तेवढा सीओपी फक्त सौम्य हवेत मिळतो, म्हणजे नेहमीच्या दराने गॅसच स्वस्त. वीज ७ सेंटच्या खास हीटिंग दराने मिळाली तर बरोबरी २ च्या आत येते आणि पंप बऱ्याच थंडीपर्यंत परवडतो. असा दर तुमच्या वीज कंपनीकडे आहे का, हे आधी विचारा. गॅसवर कधी वळायचं ते तापमान त्यावरूनच थर्मोस्टॅटमध्ये भरायचं असतं. केंद्र सरकारची हीट पंपासाठीची ३० टक्के, कमाल २,००० डॉलरची करसवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्रांना मिळत नाही. विक्रेत्याने ती किमतीतून वजा करून दाखवली तर मान्य करू नका. राज्याच्या आणि वीज कंपनीच्या सवलती वेगळ्या, त्या लेखी घ्या.

पंप बसवताना बाहेरचं युनिट बर्फाच्या वर राहील अशा स्टँडवर, दीड फूट तरी उंच, आणि छताचं पाणी ठिबकतं त्याखाली नको. मधूनमधून त्यातून वाफेचा लोट निघेल. तो डीफ्रॉस्ट आहे, बिघाड नव्हे. पंपाची हवा फर्नेसपेक्षा कोमट लागते, आई-बाबांना आधीच सांगून ठेवा. नव्या यंत्रांत आर-३२ किंवा आर-४५४बी वायू येतो आणि तो किंचित ज्वलनशील असल्याने जुन्या कॉइलवर नवं युनिट जोडून चालत नाही. आतली-बाहेरची जोडी एएचआरआय या यंत्र उत्पादकांच्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर एकत्र नोंदलेली हवी. शहराचा परमिट कंत्राटदाराच्या नावाने निघू द्या आणि तपासणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. इन्सुलेशन आणि गळतीचं काम मार्च ते मे, मोजणी पुन्हा, मग यंत्राचे तीन भाव मागवा. घर घट्ट झाल्यावर ४४,००० चा आकडा खाली येतो आणि यंत्र आणखी लहान चालतं.

डिसेंबरात भारतात जाताना थर्मोस्टॅट ६० वर ठेवा. ५५ च्या खाली कधीच नको, कारण भिंतीतला पाइप खोलीपेक्षा बराच थंड असतो. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, सर्वात वरचा आणि सर्वात खालचा नळ उघडून पाइप रिकामे करा, सिंकखालची दारं उघडी ठेवा, टाकी व्हेकेशनवर ठेवा. ह्युमिडिफायरचं पाणी तोडा. वायफायवर तापमान कळवणारा थर्मोस्टॅट लावत असाल तर त्याला सी वायर (थर्मोस्टॅटला सतत वीज देणारी तार) आहे का तपासा. ती नसेल तर बॅटरी संपून तोच घर थंड करतो. नेटचा राऊटर बंद करून जाऊ नका. शेजाऱ्यांकडे किल्ली द्या आणि विमा कंपनीला पत्र लिहून विचारा, की बंद घर किती दिवसांनी कोणी बघायला हवं. काही पॉलिसींत ही अट असते. मोठं वादळ झालं की शेजाऱ्यांना एकच काम सांगा: भिंतीतल्या त्या दोन पांढऱ्या पाइपांसमोरचा बर्फ फावड्याने काढा.